गोलखांबाखालचं गाठोडं

मंगळवार, ७ ऑक्टोबर

वुआई खोटं बोलला!

पहाटेची नमाज आटोपून मैदानावरून येत होतो. समुद्राकडच्या गोलखांबापाशी हा उकिडवा बसलेला. काय करतोस रे, म्हटलं. "काही नाही दादा, बुटाची नाडी सुटली." पायात बूट नव्हतेच! अनवाणी माणसाची नाडी सुटते कशी?

चार देशांचा चषक यंदा आमच्या झांजिबारात. केनिया झालं, टांगानिका झालं, दोन्ही सामने बरोबरीत. शनिवारी युगांडाला हरवलं की चषक आमचा. गोलात मी. मला काही झालं तर वुआई. माझा मेहुणा, माझ्या बहिणीचा, मिझेचा नवरा, एका घरात राहतो, एका ताटात जेवतो. आठ वर्षं माझ्यामागे बाकावर बसलाय. कंटाळला असेल. मीही कंटाळलो असतो.

बुधवार, ८ ऑक्टोबर

आज कुणी नसताना उकरलं. वीतभर खाली गाठोडं! लाल फडकं, आत कवडी, काहीबाही लिहिलेला कागद आणि माझ्या जुन्या जर्सीची हिरवी चिंधी. करणीच ही! माझे हात बांधायला!

ती जर्सी घरातल्या पेटीत असते. म्हणजे घरभेदीच. मिझेही सामील आहे का? सकाळी मंदाझी, ते तळलेले गोड वडे, वाढताना नजरेला नजर देत नव्हती. दोन खाल्ले. मग शंका आली, तिसरा मांजरीला घातला आणि तिच्याकडे बघत बसलो. मांजर अजून धडधाकट आहे.

गाठोडं डाव्या हातानं समुद्रात भिरकावलं. मागे वळून पाहिलं नाही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

खतीबकाकांना सांगून टाकलं. संघाचे ते प्रमुख, त्यांना कळायलाच हवं. त्यांनी सगळ्यांसमोर वुआईला उभं केलं.

"तू पुरलंस?"

"पुरलं."

"कशाला?"

तो पायाच्या अंगठ्यानं माती कोरत राहिला.

"कुणी सांगितलं? युगांडावाल्यांनी?"

माझ्याकडे बघून एवढंच – "शनिवार होऊ दे, दादा. मग विचार." चोर तो चोर, वर शिरजोर!

काकांनी त्याला संघातून काढलं. त्यानं जर्सी उतरवली, नीट घडी घातली, बाकावर ठेवली. आठ वर्षांत त्या जर्सीला एकदाही माती लागली नाही. मला वाईट वाटलं. का वाटावं? वाटलं खरं.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

घरी त्यानं सांगितलंय, मनगट मुरगळलं म्हणून बसवलं. आई लवंगेचं तेल चोळून देतेय! हा मुकाट हात पुढे करून बसलाय. मी तोंड उघडलं नाही. मिझेचा संसार आहे.

शनिवार, ११ ऑक्टोबर

जिंकलो! एक-शून्य!

फाटकातून कोण जातो? तिथे युगांडावाल्यांनी काय टाकून ठेवलं असेल कुणास ठाऊक. नेहमीप्रमाणे अख्खा संघ भिंतीवरून. खतीबकाकांचं पोट अडकलं, चौघांनी ढकललं. आत उतरून पाहतो तर पलीकडच्या भिंतीवरून युगांडाचा संघ उतरतोय! फाटकातून बँडवाले तेवढे आले.

मध्यंतरानंतर समुद्राकडचा गोल माझ्याकडे आला. खांबाशी माती भुसभुशीत दिसली. बुधवारी मीच उकरलेली, दुसरं काय! पायानं दाबली.

शेवटच्या पाच मिनिटांत त्यांना पेनल्टी. मी उजवीकडे झेपावलो, चेंडू डावीकडे. संपलं सगळं, म्हटलं. आणि चेंडू खांबावर आदळून बाहेर! त्याच खांबावर! बरं झालं वेळेवर करणी काढली ती. नाहीतर आत गेलाच होता.

लोकांनी मला खांद्यावर घेतलं. वरून वुआई दिसला. सगळ्यांत मोठ्यानं तोच ओरडत होता. ढोंगी!

रविवार, १२ ऑक्टोबर

आईनं पुलाव केला. वाढता वाढता म्हणाली, "आता सांगायला हरकत नाही. खांबाखाली तुझ्या रक्षणाचं गाठोडं होतं. ज्याच्यासाठी पुरतात त्याला आधी कळलं तर गाठोड्याचा गुण जातो. बायकांनी मैदानात पाय ठेवायचा नाही, म्हणून जावयाला धाडलं. पहिलं कुत्र्यानं उकरून नेलं म्हणाला. मग मी दुसरं बांधलं. शुक्रवारी पुरून आला बिचारा, तसल्या दुखऱ्या मनगटानं."

वुआई समोरच जेवत होता. मान वर केली नाही.

कुत्रा कोण, ते त्यानं आईला सांगितलेलं नाही.