तळ्यावर आवाज काढायचा नाही

दि. ९ जानेवारी, सकाळ

चि. टिटवीस तुझ्या बोळक्या आजीचे आशीर्वाद.

मी खुशाल. तुझा भोपळ्याही खुशाल. कुत्रा म्हणून आणलास, खातो मात्र बैलासारखा. तू घरचा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र लिहवून घेतेय. औषधांच्या गाडीचा ड्रायव्हर आजच तुझ्या शहरात चाललाय, तो हातात देईल.

थंडी यंदा चावरी आहे. पुलामागच्या तळ्यावर बदकं उतरलीत. तुझा तो राखाडी बगळा पेन्शनच्या रांगेत उभा राहावा तसा तासन्‌तास उभा असतो.

एक गंमत सांगते. तू गेल्यापासून भोपळ्याला रोज पहाटे तळ्यावर कोण नेतं? तुझा बाप. म्हणतो, "कुत्र्याला फिरवायला नको का?" मी म्हटलं, "त्यासाठी गळ्यात दुर्बीण कशाला रे?" तर शिलाई मशीनवर मान खाली घालून बसला. तू शिवणाचं दुकान सोडून पाखरांमागे गेलीस, तेव्हा "तोंड दाखवू नकोस" म्हणणारा हाच.

परवा मीही गेले. तुझा नियम आम्ही पाळतो: तळ्यावर आवाज काढायचा नाही. लव्हाळ्यात एक बदक नायलॉनच्या जाळ्यात अडकून फडफडत होतं. शिंप्याच्या खिशात कातर असतेच. मला बाकावर बसवून तो पाण्यात उतरला, मागोमाग भोपळ्या.

बदक सुटलं, उडालं. मग भोपळ्या एकटाच आला. चिखलानं माखलेला, भुंकत, माझी शाल ओढत. मी त्याचं तोंड दाबून धरलं. म्हटलं, "गप मेल्या, पाखरं उडतील."

लिहून घेणारी नर्स थांबलीय. "आजी, पुढे?" म्हणते. लिही बाई.

तो छातीपर्यंत रुतला होता, टिटवे. त्या गार पाण्यात. आणि ओरडला नाही गं. नर्स म्हणते, गारठ्यानं आवाज बसला असेल. असेल. पण माझ्या पोटचा आहे, मी ओळखते त्याला. सगळं तळं पाखरांनी भरलं होतं, म्हणून ओरडला नाही. आणि मी इकडे कुत्र्याचं तोंड धरून बसलेली. शेवटी भोपळ्या हिसडा मारून पळाला, त्याच्या मागे बघितलं तेव्हा लव्हाळ्यात तुझ्या बापाची टोपी दिसली. मग मी अशी किंचाळले की एकूण एक पाखरू उडालं. पुलावरची माणसं धावली.

घाण पाणी छातीत गेलंय. तोंडाला ऑक्सिजन आहे. डॉक्टर म्हणाले, "आजची रात्र निघू दे, मग बोलू." माझ्याकडे न बघता म्हणाले.

तू ये. भांडण राहू दे तसंच, पुढे सवडीनं भांडा.

खाली डावीकडचा अंगठा माझा. शेजारचा तुझ्या बापाचा. तो ग्लानीत आहे, मीच शाई लावून उमटवलाय. लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाचा अंगठा घेतला म्हणून जागा झाला की माझ्यावर केवढा ओरडेल.

ओरडू दे. दवाखाना डोक्यावर घेऊ दे.

तुझी आजी,
त्याची आई