किलब्रॅकच्या बँडचा सूर गोड झाला

३ जून
टॉर्किल ऑगस्टच्या मेळ्यातली स्पर्धा झाली की बँडप्रमुखपद सोडणार. गावात बॅगपाइप वाजवणारे आम्ही चौघंच: टॉर्किल, पोस्टमन फर्कर, शाळेतल्या उनाबाई आणि मी. पुढचा प्रमुख कोण, हे सांगायला ज्योतिषी नको. संकल्प: रोज पहाटे टेकडीवर पळणे. व्हिस्की बंद.

४ जून
पाऊस. टेकडी उद्या. छातीत गारठा शिरू नये म्हणून थोडी व्हिस्की घेतली. औषधाला संकल्प लागू होत नाही.

१७ जून
फर्कर असह्य बेसूर. त्याच्या शेजारी उभं राहून माझेही सूर बिघडल्यासारखे वाटतात. टॉर्किल वैतागून म्हणाला, अरे, कुणी मेंढी कापतंय का इथं? मी फर्करकडे पाहिलं. तो उनाबाईंकडे पाहत होता, आणि बाई माझ्याकडे. बिचारी आधार शोधत असावी.

२४ जून
बँडच्या हितासाठी एक अप्रिय काम केलं. चहाच्या सुट्टीत फर्करच्या पाइपचे तिन्ही भोंगे आणि बोटांची नळी उपसून आत बुचं ठोकली. रीत जुनीच आहे. माणूस कच्चा असला, पण रांग भरायला हवा असला, की वाद्य मुकं करायला बूच मारतात. फक्त त्याला सांगून मारतात. फर्कर हळवा आहे, म्हणून सांगितलं नाही.

१ जुलै
चमत्कार! बँडचा सूर एकदम गोड. टॉर्किलच्या डोळ्यांत पाणी. माझ्या पाइपची हवेची पिशवी पूर्वी सतत गळायची, आता एकदा फुगवली की फुगलेलीच राहते. हा टेकडीचा परिणाम. अजून गेलो नाही, पण जायचं पक्कं ठरवल्यानंसुद्धा छातीला शिस्त लागते. माझा सूर इतरांच्या सुरांत इतका विरघळलाय, की मलासुद्धा वेगळा ऐकू येत नाही. यालाच कला म्हणतात.

बायकोला, मोरॅगला, सांगितलं. ती म्हणाली, तुझं ते वाद्य सरावाच्या हॉलमध्येच राहू दे बाबा, तिथली हवा मानवलीय त्याला.

२० जुलै
प्रमुख झाल्यावर करायच्या भाषणाचा मसुदा तयार. टेकडी सोमवारपासून.

८ ऑगस्ट, सकाळ
मेळ्याचा दिवस. टॉर्किलची दाढ काढलीय, गाल टम्म. त्याला फुंकता येईना. म्हणाला, हेक्टर, आज तूच ने रे यांना. देव असतो.

९ ऑगस्ट
काल लिहवलं नाही.

ढोल घुमले. मी पिशवीला कोपर मारलं. शांतता. फर्कर गप्प राहणार हे ठाऊकच होतं. पण उनाबाईही गाल फुगवून लालबुंद, आणि आवाज नाही. मग लक्षात आलं, माझाही नाही. थांबायचं कुणी? आम्ही फुगलेल्या गालांनी मैदानाची अख्खी फेरी मारली, नुसत्या ढोलांवर. लोकांना वाटलं कुणीतरी वारलंय. माणसं उठून उभी राहिली. पंचांनी टोपी काढली.

तंबूत टॉर्किलनं तिघांची वाद्यं खोलली. तिन्ही वाद्यांत बुचं. फर्करची मी मारलेली. बाईंची फर्करनं. माझी बाईंनी. बाई म्हणाल्या, अहो हेक्टर, तुमचं मन दुखावेल म्हणून बोलले नाही हो. टॉर्किल सुजल्या तोंडानं ओरडला, म्हणजे दीड महिना मी एकटाच वाजवत होतो काय रे मेल्यांनो? आता मरेपर्यंत तो पद सोडणार नाही म्हणे.

मला फार लागलं. बाईंचा कान मुळात कच्चाच आहे.

१० ऑगस्ट
बाईंना खोटं पाडायचं म्हणून वाद्य साफ करून घरी आणलं. स्वयंपाकघराचं दार लावलं आणि मन लावून वाजवलं. कित्येक दिवसांनी स्वतःला एकट्याला ऐकलं.

मोरॅग परसातून धावत आली. हात चिखलानं भरलेले, चेहरा पांढराफटक. म्हणाली, अरे देवा, कुठं लागलं रे तुला?

मी म्हटलं, गुडघ्याला.

तिनं मला खुर्चीवर बसवलं आणि मलम लावून दिलं.