लेनर्डचं टूल बोथट झालंय

चेस्टरफील्ड, ऑक्टोबर १९७९

प्रिय विनी,

तुझे गुडघे, तुझी मांजर आणि स्कारबरोचा वारा, तिघंही आपापल्या जागी असतील असं धरून चालतो. (वारा नसला तरी चालेल.) आम्ही ठीक आहोत. डोरीन मात्र माझ्याशी मोजकंच बोलते, आणि त्याला कारण शेडमधला लेथ, लोखंड कातायचं यंत्र.

आपला लेनर्ड गेला तेव्हा तो हौसेने बनवत असलेल्या छोट्या इंजिनाची दोन चाकं कातायची राहिली होती. ती यंदा पुरी करायचीच म्हणून मी शेडमध्ये शिरलो, तर त्याचं टूल, लेथवर लोखंड कापणारी ती पोलादी कांडी, बोथट. धार लावायला ग्राइंडर सुरू केला आणि हात थांबला. ते टोक त्याने स्वतः घासलेलं. डावखुऱ्या हाताचा किंचित तिरकेपणा अजून दिसतो. दगडाला लावलं असतं तर तोही ठिणग्यांबरोबर गेला असता. मला ते जमलं नाही.

म्हणून प्रदर्शनात एका गोडबोल्या माणसाकडून कार्बाइडच्या टोकाचं टूल घेतलं. हे जन्मभर धार मागणार नाही, म्हणाला. खरं निघालं, ओतीव लोखंडाच्या चाकाला लावताक्षणी ते ठिसूळ टोकच उडालं, धार कशाला मागेल? मग साधं हायस्पीड स्टील आणून स्वतः घासलं. धारेखालची बाजू पुरेशी मोकळी सोडली नव्हती (हसू नकोस), त्यामुळे ते कापेना, नुसतं घासटत राहिलं, आणि असं किंचाळलं की शेजारच्या एथेलबाई कुंपणावरून विचारत्या झाल्या, "क्लिफर्ड, आत कोण आहे रे, आणि त्याने तुझं काय वाईट केलंय?" शिवाय टूलचं टोक चाकाच्या मध्यापेक्षा खाली बसत होतं. त्याखाली पत्र्याची पट्टी हवी, म्हणून हाताशी आलेलं बिस्किटाच्या डब्याचं झाकण कापलं. तो डबा डोरीनच्या आईचा. "झाकण नसलेला डबा आणि अक्कल नसलेला नवरा, दोन्ही मीच सांभाळायचं," असं ती म्हणाली. बिस्किटं मऊ पडली, ती मी खाल्ली.

लढाईच्या दिवसांत तू कारखान्यात लेथ चालवून यायचीस, केसांना तेलाचा वास, आणि जेवणाआधी आम्हा दोघा भावांना बाबांच्या शेडमध्ये उभं करायचीस. "डोळे नंतर, आधी कान लावा. कापतंय की रडतंय?" लेनर्डला लगेच कळायचं. मला वाटायचं, तू त्याला गुपचूप सांगतेस. ते दिवस हल्ली फार आठवतात, विनी.

सुखात राहा. उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल.

तुझा धाकटा,
क्लिफर्ड

ता. क. उत्तर नाही पाठवलंस तर चालणार नाही. काल डोरीनने ते टूल हातात घेऊन उलटं केलं आणि म्हणाली, "अरे, याचं दुसरं टोक कोरंच आहे की." इतके दिवस मी एकाच टोकाकडे बघत बसलो होतो. ते कोरं टोक तू घासून दे. एका टोकाला तो राहील, दुसऱ्याला तू.

पुन्हा ता. क. टूल पोस्टाने पाठवत नाहीये. तो गेल्यापासून तू या शेडमध्ये पाऊल टाकलं नाहीस, आणि का ते मला कळतं. मीही दाराबाहेर बराच वेळ उभा राहून परत फिरायचो. शनिवारच्या गाडीने ये. आपण दोघं बरोबरच आत जाऊ. डोरीनसाठी बिस्किटांचा डबा आण, झाकणासकट.