नदीतला निवृत्ती

प्रिय राणी,

पत्र कोणाचं आलं म्हणून तू आधी शेवटची सही पाहिली असशील. मीही तेच केलं असतं. सही पाहूनही वाचते आहेस तर सांगते, मी तीच गौरवी, सातवीत तुझ्या पुढच्या बाकावर बसणारी, दोन वेण्यांची आणि फार बोलणारी. पत्ता अजयने दिला. जानेवारीत तो आमच्या पेडण्याच्या कचेरीत भाडेकराराचे कागद घेऊन आला होता. अर्जावर वडिलांचं नाव निवृत्ती, मूळ गाव तालुका शिरोळ असं वाचलं आणि मी शिक्का हातात धरून बसून राहिले. मागचा माणूस खाकरायला लागला तेव्हा भानावर आले. तुझा भाऊ आता तुयेला, तुझे बाबा ज्या औद्योगिक वसाहतीत पोती उचलायचे तिथेच, सुपरवायझर आहे हे ऐकून बरं वाटलं. बाबा गेले, हेही त्यानेच सांगितलं. तुझा नंबर मागितला तर म्हणाला, “ताई अनोळखी फोन उचलत न्हाई मॅडम. पत्र लिवा. पत्र वाचती ती.”

मी हे आपल्या गोकुळदास सरांना सांगितलं, आणि तिथून सगळं सुरू झालं. सर आता एक्याऐंशी वर्षांचे आहेत. लाटंबार्शाला मुलाकडे असतात, दोन्ही डोळे काचबिंदूने गेले. सून सुविधा त्यांचं सगळं मन लावून करते, पण वाचून दाखवायला तिला सवड नाही, म्हणून गेली चार वर्षं दर रविवारी मी जाते. पेडण्याहून तिथे स्कूटरने जायचं म्हणजे पाऊण तास. पुण्य बिण्य काही नाही गं, नवरा त्या दिवशी क्रिकेट बघतो. अजय भेटल्याचं सांगितल्यावर सरांनी तिथल्या तिथे मला कागद घ्यायला लावला आणि तुला पत्र सांगितलं. सहा ओळींचं. ‘चि. राणीस आशीर्वाद. त्या वर्षी नाटकात जे झालं ती माझी चूक होती. मी मुलांकडून रंग आणवला, तो तपासला नाही. तुझी क्षमा मागायची राहून गेली. चेहरा कसा आहे ते कळव. तुझे सर.’ मी पाकीट चिकटवलं, पत्ता घातला, पर्समध्ये ठेवलं. आता एप्रिल उजाडला. दर रविवारी सर विचारतात, राणीचं उत्तर आलं का? मी म्हणते, टपालाचं काही खरं नाही सर. पाकीट अजून पर्समध्येच आहे, कोपरे मऊ झाले आहेत. एक आंधळा म्हातारा न टाकलेल्या पत्राच्या उत्तराची वाट बघतो आहे आणि मी त्याला पोस्टाच्या कारभारावर भाषणं देते आहे. माझा स्वभाव तुला नव्याने सांगायला नको.

ते पुस्तक आठवतं ना? होडीचं पुस्तक. मुखपृष्ठ आणि पहिली चार पानं गेलेली, म्हणून त्याचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. तीन गोरे साहेब हरवलेल्या भावाच्या शोधात आफ्रिकेतल्या नदीतून वर वर जातात. मगरी, ताप, विषारी बाण, हस्तिदंताचा डोंगर, सगळं होतं. आणि एक हमाल होता. तो होडी ओढायचा, ओझी वाहायचा, साहेबांना खांद्यावरून नदी पार करायचा, आणि ‘हो साहेब’ एवढंच बोलायचा. शेवटी साहेबांच्या कॅप्टनला वाचवताना बुडायचा. त्यावर पुस्तकात एकच वाक्य होतं, ‘आता एक हमाल कमी झाला होता.’ मी ते पुस्तक तेव्हा तीनदा वाचलं होतं. तिन्ही वेळा मी कॅप्टन होते. हमालाकडे लक्ष द्यावं असं मला सुचलं नाही, आणि आमच्या घरात ते सुचण्यासारखं काही नव्हतंही.

आमचे आजोबा पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगिजांच्या राज्यात मोझांबिकला एका पेढीवर कारकून होते. तिथली त्यांची पांढरी कडक टोपी आमच्या साल्यात, म्हणजे बैठकीच्या खोलीत, खुंटीवर असायची, देवाच्या तसबिरीपेक्षा जास्त पुसली जायची. खाप्री लोक, आफ्रिकेतल्या माणसांना आपल्याकडे हाच शब्द, आपल्याला कसे मचव्यातून उचलून किनाऱ्यावर आणत, पाय ओला होऊ देत नसत, हे आजोबा रंगवून सांगायचे. तिथले पाखले आजोबांनाही काळाच म्हणत आणि आपल्या पंगतीला बसवत नसत, हे मला फार उशिरा त्यांच्या जुन्या पत्रांतून कळलं. ते त्यांनी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझ्यात काही फरक पडला असता का, याची मला खात्री नाही.

सरांनी त्या पुस्तकाचं नाटक करायचं ठरवलं तेव्हा कॅप्टन मी, कारण टोपी आमच्या घरात होती. हमाल कोणी होईना. प्रज्योतची आई शाळेत येऊन सांगून गेली, आमच्या झिलाच्या तोंडाला काळं फासायचं नाही. मग वर्गातून कुणीतरी म्हणालं, घाट्यांच्या राणीला घ्या, तिला रंगही कमी लागेल. सगळे हसले. मीही हसले. ते वाक्य माझं होतं का दुसऱ्या कुणाचं, हे मी बरेचदा आठवून बघते. माझं नसावं. पण हसणं माझं होतं.

तू उभी राहिलीस आणि विचारलंस, “ह्येला नावच न्हाई व्हय, सर? एवढं वझं वाहतोय दोनशे पानं, आन् नाव न्हाई?” सर चष्मा काढून तुझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, तूच ठेव. तू म्हणालीस, निवृत्ती. वर्ग पुन्हा हसला, कारण तुझे बाबा सगळ्यांना ठाऊक होते. सर हसले नाहीत. त्यांनी त्या रात्री बसून नाटकाचा शेवट बदलला. निवृत्ती बुडतो तेव्हा कॅप्टनने टोपी काढायची, गुडघ्यावर बसायचं आणि तीन वेळा त्याला नावाने हाक मारायची.

बाकं बांधून केलेल्या रंगमंचावर नदी मावेना, म्हणून सरांनी नदी खाली, प्रेक्षकांच्या पुढ्यात आणली. दोन निळ्या साड्या, चार मुली धरून हलवणाऱ्या. आम्ही साहेब लोक वर, तू पूर्ण वेळ खाली नदीत. पहिल्या तालमीपासून माझ्या लक्षात आलं की वर कोणी बघतच नाही. शाळेची शिपाई शांतामावशी झाडू हातात घेऊन उभी राहायची आणि तू बुडालीस की पदर डोळ्याला लावायची. माझी बंदूक, माझी टोपी, माझी पाठ केलेली तीन पानांची भाषणं, सगळं फुकट. घरी मी शेवट सांगितला तर आजोबा आरामखुर्चीतून म्हणाले, “खाप्र्यामुखार टोपी काडप ना गो.” खाप्र्यासमोर टोपी काढायची नसते, हे मला एकदम पटलं. तुझ्यासमोर गुडघ्यावर बसणं मला नकोच होतं. सरळ लिहिते, मला तुझा हेवा वाटत होता, आणि तुझा हेवा वाटावा याची लाज वाटत होती.

आता त्या दिवसाचं. रंगीत तालमीत तुझ्या तोंडावरची दिव्याची काजळी घामाने ओघळली, म्हणून सर म्हणाले, चिकटून राहील असं काहीतरी आणा कोणीतरी. मी हात वर केला. आमच्या मागच्या अंगणात आई काजू भाजत होती. भोकाच्या पत्र्यावर बिया भाजल्या की टरफलातलं तेल खाली गळतं आणि धुराबरोबर काळंकुट्ट चिकट होऊन बसतं. ते तेल अंगाला लागलं तर कातडी जळते, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. भाजायला बसायच्या आधी बायका हाताला खोबरेल चोळतात ते त्यासाठीच. तुमच्या शिरोळला ऊस, तुला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. सरांनाही ठाऊक नसावं असं नंतर सगळे धरून चालले. गुरुजी माणूस, काजू भाजायला कशाला बसेल.

मी पत्र्याखालचं ते काळं करवंटीत खरवडून घेतलं. त्यात चुलीची राख मिसळली. आई आत होती. तिच्या खोबरेलाच्या वाटीत मी दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले, नीट चोळले. मग शाळेत येऊन ते तुझ्या तोंडाला लावलं, कपाळ, गाल, हनुवटी, मान. तुझ्या तोंडाला आधी खोबरेल लावलं नाही. लावायचं असतं हे मला ठाऊक होतं. वाटी तशीच आमच्या पडवीत राहिली. तू डोळे मिटून बसली होतीस आणि म्हणालीस, गौरवी, तुझा हात किती मऊ गं.

नाटक जोरात झालं. माझी लाकडी बंदूक पडद्यामागे हातातून दोनदा सटकली, सरांनी आपल्या रुमालाने पुसून परत दिली. तू नदीत उतरलीस आणि थोड्याच वेळात तोंडाला हात लावू लागलीस. बुडताना तू जी किंकाळी मारलीस ती तालमीत नव्हती. लोक उभे राहिले. काय काम केलं पोरीने, म्हणाले. तू निळ्या साडीत तोंड घासत होतीस आणि टाळ्या पडत होत्या. मी वर उभी होते. मला टोपी काढायची होती, नाव घ्यायचं होतं. मी घेतलं नाही. टोपी डोक्यावर ठेवून पडदा पडेपर्यंत तशीच उभी राहिले.

पुढचं तुझं तुला ठाऊक. दुसऱ्या दिवशी तोंड सुजलं, फोड आले. डाव्या गालावरचा डाग राहणार असं डॉक्टर म्हणाले. तुझ्या आई, सिंधूमावशी, शाळेच्या पायरीवर बसून रडल्या. तुझे बाबा आवाज न चढवता विचारत होते, रंग कुणी केला, एवढंच सांगा. मी म्हटलं, सरांनी आणायला सांगितला. ते खोटं नव्हतं. सर पुढे झाले आणि म्हणाले, चूक माझी. पालकसभेतही तेच म्हणाले. त्यानंतर त्यांनी कधी नाटक बसवलं नाही, आणि मे महिन्यात तुम्ही दाखला घेऊन गेलात. मला कुणी काही विचारलं नाही. सव्वीस वर्षं कुणी विचारलं नाही.

ते पुस्तक सरांनी जपून ठेवलं आहे. मी वाचून दाखवते तेव्हा ‘हमाल’ आला की सर थांबवतात, वर काय लिहिलंय ते वाच म्हणतात. प्रत्येक ‘हमाल’ शब्दावर त्यांनी निळ्या पेनने निवृत्ती लिहून ठेवलंय, दोनशे पानं. शेवटच्या वाक्यावरही. मी रविवारी रविवारी ते नाव वाचते. नाटकात तीनदा घ्यायचं होतं, आता शंभरदा घेऊन झालं असेल.

इथपर्यंतचं पत्र मी काल सरांना वाचून दाखवलं. बाहेर बल्कांवात, ओसरीच्या बाकावर बसलो होतो, शेजारच्या बागेतून काजूचा वास येत होता. संपल्यावर सर म्हणाले, बंदुकीचं परत वाच. मी वाचलं. मग म्हणाले, “तुझ्या हाताला खोबरेल होतं. रुमालाला वास लागला होता. बाये, मी लाटंबार्शाचा, माझा जन्म काजूत गेला. करवंटी बघितली तेव्हाच मला कळलं होतं. पडदा उघडायला पाच मिनिटं होती. मी म्हटलं, एवढ्या वेळाचाच तर प्रश्न आहे, नाटक संपलं की धुऊन टाकू. प्रज्योत असता तर मी पडदा थांबवला असता.” मग त्यांनी मला पर्समधलं ते पाकीट फाडायला लावलं. म्हणाले, त्यात मी चूक लिहिलंय, ती चूक नव्हती, तू हेच पाठव आणि माझंही त्यात घाल. ते घातलं आहे. पुस्तक सोबत पाठवते आहे, ते तुझ्याकडे असावं असं ते म्हणाले. पहिलं पाकीट मी टाकलंच नव्हतं, हे त्यांना या पत्रातूनच कळलं. आम्हाला क्षमा कर असं आम्ही दोघंही लिहीत नाही. रंग कुणी केला, हे तुझ्या बाबांनी विचारलं होतं आणि उत्तर न मिळता ते गेले, म्हणून हे पत्र तुला. रंग मी केला, राणी. मी निघताना सरांनी विचारलं, पत्र पोहोचायला किती दिवस लागतात. मी म्हटलं, चार. या वेळी खरं सांगितलं.

तुझ्या पुढच्या बाकावरची,
गौरवी