दुसरी कडी

मासळी बाजारातल्या माझ्या बायांनो, दुपार कलली की आपल्या ओट्यांखाली पाणी साचू लागतं आणि नेमका तेव्हाच खानावळवाला फाटकातून आत येतो. तो आधी मासळी पाहत नाही, खाली पाहतो. डबकं जितकं मोठं, तितका त्याचा भाव लहान. आपली मासळी चांगली असते, फक्त बर्फ संपलेला असतो, आणि या एकाच गुन्ह्याची शिक्षा आपण सगळ्या रोज भोगतो. म्हणून माझं मृत्युपत्र घराच्या कोपऱ्यात कुजबुजत वाचू नये. बर्फाची गाडी रिकामी झाली की तुमच्यासमोर, मोठ्याने वाचावं. वाचणाऱ्याचा आवाज लहान असेल तर त्याने वजनकाट्याशेजारच्या कठड्यावर उभं राहावं. मी तिथूनच बोलत असे.

मी, या बाजाराच्या विक्रेत्या संघटनेची अध्यक्ष, जिला तुम्ही तोंडावर ताई आणि पाठीमागे तोफ म्हणता, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, आणि मी कुणाच्याही दबावाखाली नाही. तशी मी कधीच नव्हते. यापूर्वीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी धाकट्या बहिणीला बरंच काही दिलं होतं. तेव्हा तिच्याकडे तो आइसबॉक्स नव्हता.

कलम पहिलं. राहत्या दोन खोल्या यजमानांच्या हयातीत त्यांच्या ताब्यात राहाव्यात, नंतर मुलगा आणि सून यांना समान हिश्शाने मिळाव्यात. हातांची खुर्ची आणि रेडिओ यजमानांचा. धाकटीचा आइसबॉक्स आला त्या दिवशी हे तिच्या ओट्यासमोर उभे राहून म्हणाले, "काय झाकण बसतं गं! हवासुद्धा जात नाही." माझ्या हातचं जेवून या माणसाने सगळा संसार केला. 'काय'ने सुरू होणारं माझ्या वाट्याचं वाक्य एकच, "काय गं, मीठ कुठाय?" तरी खुर्ची त्यांनाच. झाकण हवं असेल तर मेव्हणीकडे जावं.

कलम दुसरं. माझी पुस्तकं संघटनेच्या खोलीत ठेवावीत आणि कुलूप लावू नये. त्यात बुडालेल्या राजवटींचे इतिहास आहेत. मी ते सगळे वाचले. प्रत्येकीत कुणाकडे तरी घट्ट झाकणाची एक पेटी होती आणि बाकीचे उन्हात उभे होते.

कलम तिसरं. सुरे, विळी, तराजू आणि माझा ओटा सुनेला. मुलाने मन खट्टू करून घेऊ नये. त्याला मासळीचा वास सहन होत नाही आणि मला त्याची नाटकं. सून लग्नाच्या पहिल्या आठवड्यात माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आई, सुरा द्या, बघत काय बसायचं!" त्या दिवसापासून ती माझी आहे. हे कायद्याच्या भाषेत कसं लिहितात ते वकीलभाऊंना विचारलं. ते म्हणाले, "ताई, माणूस मृत्युपत्रात देता येत नाही." देता येत नसेल, पण पळवता येतो. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

कलम चौथं, आणि इथे सगळ्यांनी गप्प बसून ऐकावं. मी आणि धाकटी मुली होतो तेव्हापासून आमच्याकडे पत्र्याची एक बर्फपेटी होती, दोन्ही बाजूंना कड्या. गाडीपासून ओट्यापर्यंत एक कडी तिच्या हातात, एक माझ्या. आमची भांडणं, लग्नं, बाळंतपणं, आईचं आजारपण, सगळं त्या पेटीच्या दोन टोकांना बोलून झालं. मग तिच्या मुलाने तो जाड भिंतींचा, रबरी कुलपांचा पांढरा आइसबॉक्स पाठवला. रिकामा असतानाच तो रुसलेल्या जावयासारखा जागचा हलत नाही. भरला की दोघी लागतात. धाकटीने हाक मारली ती माझ्या सुनेला.

मी विचारलं, "मी मेले काय गं?"

"ताई, तुझी कंबर बघ आधी."

माझ्या कंबरेची चौकशी तिने उभ्या जन्मात केली नव्हती.

मग सून रोज कडी धरू लागली. कडी धरता धरता तिथेच बसू लागली. धाकटी तिला म्हणाली, "तुझी उरलेली मासळी ठेव गं माझ्यात." मी एकदा झाकणाला हात लावला, तर लगेच, "ताई, सारखं उघडू नकोस, गारवा जातो!" तो आइसबॉक्स बाहेरून गार लागत नाही, हे मी तेव्हा तपासून घेतलं. सगळा गारवा स्वतःशी ठेवतो. अगदी मालकिणीवर गेला आहे.

सुनेने मला तसल्या आइसबॉक्सच्या दुकानात नेलं. दुकानदार म्हणाला, "आजी, पाच दिवस बर्फ टिकतो."

"अरे, माझी मासळी दुसऱ्या दिवशी संपते. उरलेले तीन दिवस मी बर्फाला गोष्टी सांगू?"

किंमत ऐकून मी त्याच्याच स्टुलावर बसले. वर भिंती इतक्या जाड की आत जागा थोडी. हे सगळं खरं आहे आणि मी ते कठड्यावरून तुम्हाला सांगितलंही आहे. एक शब्दही मागे घेत नाही.

पण गेल्या महिन्यात खानावळवाला धाकटीच्या ओट्यासमोर वाकला. खाली कोरडं. त्याने नेहमीचा पडका भाव सांगितला. धाकटी पदराने हात पुसत म्हणाली, "नको असेल तर राहू दे हो. उद्या या." तो उभा राहिला आणि तिने मागितलेला भाव देऊन गेला. बायांनो, मी तुमच्यासाठी भाषणं केली, निवेदनं दिली, पण त्या माणसाला 'उद्या या' म्हणणं मला कधी जमलं नाही. ते तिला जमलं, आणि त्या वेळी सून तिच्याकडे ज्या नजरेने पाहत होती ती नजर माझी होती.

कलम पाचवं. म्हणून माझा निर्णय असा. त्या दुकानातला सगळ्यात मोठा आइसबॉक्स, धाकटीच्यापेक्षा मोठाच, माझ्या बचतीतून सुनेसाठी घ्यावा. महाग आहे. सून परक्या ओट्यावर बसणं त्याहून महाग आहे. हे वाचन होण्यापूर्वी वकीलभाऊंनी या मृत्युपत्राचे व्यवस्थापक या नात्याने तो आणून, काठोकाठ बर्फ भरून, गाडीजवळ ठेवावा. उरलेली बचत यजमानांच्या औषधपाण्याला. सुनेने झाकण कुणाही बाईसाठी उघडावं आणि गारव्याचं नाव काढू नये.

कलम सहावं. पत्र्याची जुनी पेटी धाकटीला. आता दोन्ही कड्या तिच्याच. एकटीने उचलून बघावी.

हे मी स्वतः वाचून, समजून, खालील दोघांच्या देखत सही केली. या दोघांना यातून काहीही मिळणार नाही, आणि तशी तक्रार दोघांनीही केली आहे.

सही: ताई
साक्षीदार: बर्फाच्या गाडीचा ड्रायव्हर (सही)
साक्षीदार: वजनकाटेवाली मावशी (अंगठा)
स्थळ: संघटनेची खोली, बाजाराची मागची बाजू
तारीख: डॉक्टरांच्या दाखल्यावर आहे तीच

सहीखाली एक ओळ राहिली, तीही वाचावी. सूनबाई आता आइसबॉक्सपाशी उभी असेल आणि तो तिच्याने एकटीने उचलणार नाही. दुसरी कडी माझी होती. बाकी कुणी पुढे होऊ नका. धाकटे, डोळे पूस, ऊठ, आणि ती कडी धर.