एकेरीवर

४ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. कंबर धरली आहे, तेव्हा नमस्कार उभ्यानेच केला आहे, तू वाकून केला असं समज.

पत्र दुकानाच्या पत्त्यावर पाठवलंस ते बरं केलंस. मनातलं फोनवर बोलायचं म्हणजे आमच्याकडे पंचाईत, पलीकडच्या खोलीत पान उलटलं तरी अलीकडे ऐकू येतं. चष्म्याच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं. फ्रेमा पुसून झाल्या की मी काउंटरमागे बसते आणि तुला लिहिते.

हे पुन्हा बाहेरगावी गेलेत. कुठल्याशा नव्या इस्पितळात लिफ्ट बसवायच्या आहेत, थंडी संपेपर्यंत फक्त सुट्टीला घरी येतील. म्हणजे घरात मी आणि वकील. ह्यांच्या लेकीला हे नाव ह्यांनीच ठेवलं आणि ते किती योग्य आहे ते मला रोज पटतं. पोरगी गुणी आहे. अभ्यास सांगावा लागत नाही, स्वतःचं ताट स्वतः घासते. पण ताई, लग्नाला दोन वर्षं होत आली आणि ती मला अजून तुम्ही म्हणते. बापाला ए बाबा, खालच्या मजल्यावरच्या म्हातारीला अगं आजी, मांजराला सुद्धा अगं. मला मात्र तुम्ही जेवलात का, तुम्ही दिवा घालवाल का. उद्धटपणा असता तर रागावता तरी आलं असतं. ती माझ्याशी पाहुणीशी वागावं तसं चांगलं वागते.

आई म्हण असं मी कधी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. तिला आई होती, तिचा फोटो मीच पुसते. एकदा तिच्या तोंडून तू ऐकावं एवढंच मनात आहे. हसू नकोस.

आता नवीन तऱ्हा. शाळेत कपड्यांवर काहीतरी प्रकल्प झाला, कुठे कोण किती तास मान मोडून शिवतं वगैरे. तेव्हापासून वकिलांनी जाहीर केलं आहे की ज्याने शिवलं त्याला धड पगार मिळतो हे कळल्याशिवाय नवा कपडा अंगाला लावणार नाही. गेल्या वर्षीच्या स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत आल्यात आणि थंडी तोंडावर आली. बाजारातून एक छानसा कोट आणून कपाटात ठेवून द्यावा म्हणते. दिसला की घालेल. तुला काय वाटतं?

भावजींना नमस्कार. लोभ आहेच, तो धुऊन आटू देऊ नकोस.
तुझी,
बारकी


११ ऑक्टोबर

चि. बारकीस,
अ. उ. आ. कंबरेला शेक दे आणि फ्रेमा पुसायला खाली वाकू नकोस.

कोट आणून कपाटात ठेवायचा विचार मनातून काढून टाक. वकिलाला पुरावा न देता निकाल ऐकवायला निघालीस की काय? ती तो कोट घडी घालून तुझ्या पलंगावर ठेवेल आणि म्हणेल, आभारी आहे, तुम्ही घ्या. मग बसशील रडत.

आमच्या दवाखान्यात दात काढायला येणाऱ्या पोरांना मी रोज बघते. दुखणार नाही असं सांगितलं की ती तोंड उघडत नाहीत. कुठलं औजार कशाला ते विचारू दिलं की उघडतात. तू तिलाच विचार, तिच्या मनासारखा कपडा कुठे मिळतो, आणि तिच्याबरोबर जा. तिथे गेल्यावर तोंड बंद ठेव. हे तुला जमणार नाही हे मला माहीत आहे, तरी सांगते.

तू आणि तुम्हीचं म्हणशील तर मागून मिळणारी ती गोष्ट नाही. मला हसू आलं नाही, वाईट वाटलं. तुझे भावजी बरे आहेत, घोरतात.

माया आहे तशीच आहे, वेगळी काय लिहू.
तुझी,
ताई


२ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. कंबर ठीक आहे, हा नमस्कार रीतसर.

तुझं ऐकलं. विचारल्यावर वकिलाने पत्ता काढून दाखवला. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दुसरा मजला, जिना इतका अरुंद की उतरणाऱ्याने आधी उतरायचं आणि मग आपण चढायचं. वर एक लांब खोली, खिडकीशी तीन मशिनी आणि एक मोठं टेबल. मालकीण कापते, दोघी शिवतात, एवढाच कारभार. गिरण्यांत उरलेल्या तुकड्यांचं कापड आणतात, लोकर रंग न दिलेली. तयार कपडा एकही नाही. ऑर्डर दिली की शिवतात आणि महिनाभर थांबायचं.

वकिलाने उलटतपासणी घेतली. पगार किती, सुट्टी किती, काम नसेल त्या महिन्यात काय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मालकीण न रागावता कात्री चालवत उत्तरं देत होती. काम नसलं की पगार निम्मा होतो हेही तिने सांगितलं. वकिलाने त्यावर मान हलवली, म्हणाली की खरं सांगितलंत म्हणून इथेच घेते. आणि बरं का, मी तोंड बंद ठेवलं.

प्रत्येक कपड्याला मानेशी एक पट्टी असते. जिने शिवला ती बाई लाल दोऱ्याने स्वतःचं नाव त्या पट्टीवर भरते. वकिलाला सगळ्यात जास्त तेच आवडलं. हात लावून लावून बघत होती.

मग शिवणारी बाई टेप घेऊन आली. बाह्या वाढत्या अंगाच्या ठेवू का, असं तिने वकिलाला विचारलं. वकील म्हणाली, त्यांना विचारा. बाईने मागे वळून दाराकडे बघितलं, आणखी कोण आलंय म्हणून. खोलीत मीच होते. मी म्हटलं, ठेवा वाढत्या अंगाच्या. आवाज बरा निघाला असावा.

किंमत ऐकून मी ह्यांना तिथूनच फोन लावला, हे म्हणाले घे. येताना जिन्यात वकील पुढे होती. खाली पोचल्यावर म्हणाली, तुम्ही आलात ते बरं झालं. तुम्हीच, पण बरं झालं म्हणाली. मी तेवढ्यावर तीन दिवस काढले.

तू पाठवलेल्या रंगपेन्सिली तिला मिळाल्या. पत्र लिही म्हणून मागे लागले आहे.

माझ्यावरची माया उसवू देऊ नकोस.
तुझी,
बारकी


५ नोव्हेंबर

ती. मावशींस,
सा. न. वि. वि.

रंगपेन्सिलींबद्दल आभारी आहे. हिरवी फार चांगली आहे. पत्र लिहायला त्यांनी सांगितलं, पण मी नाहीतरी लिहिणार होते. त्या बऱ्या आहेत. त्यांची कंबर आता दुखत नाही असं त्या म्हणतात, तरी जिना चढताना त्या कठडा धरतात. बाबा सुट्टीला येतात. मांजर बरं आहे.

तुम्हाला आणि काकांना नमस्कार. कळावे, आणखी काही कळवण्यासारखं नाही.
आपली,
वकील (बाबा म्हणतात म्हणून)


६ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, मी सगळं घालवलं. दुकानात बसून लिहिते आहे आणि समोर चष्म्यांची रांग धूसर दिसते आहे, काय झालं असेल ते समज.

परवा कोट आला. काय सुरेख शिवलाय म्हणून सांगू. मऊ, गव्हाच्या रंगाचा, खिसे खोल. वकील शिकवणीला गेली होती. मी तो उघडला, हात फिरवला आणि शिवणाच्या पेटीतून लहान कात्री काढली. आपल्या आईची रीत तुला काय सांगायची? नवा कपडा घरात आला की आधी मानेची पट्टी उसवायची, लेकराला टोचू नये म्हणून. आपल्याला दोघींना पट्टी असलेला कपडा तिने कधी घालू दिला नाही. माझ्या हाताला दुसरं काही सुचलंच नाही. शप्पथ सांगते, त्या पट्टीवरचं नाव मला दिसलं सुद्धा नाही. टाका टाका सोडवून, कापडाला धक्का न लावता पट्टी काढली, भाजीच्या देठांबरोबर टाकली आणि कचरा खाली देऊनही आले. किती मायेने केलं म्हणून सांगू.

काल सकाळी तिने कोट घातला आणि मानेशी हात नेला. हात तसाच राहिला. कचऱ्यात गेली म्हटल्यावर जी काय कडाडली, मांजर पलंगाखाली गेलं. ताई, पोरगी सरळ एकेरीवर आली. म्हणाली, तू मला न विचारता हात कसा लावलास, तुला काही कळतं का, ज्या बाईने शिवला तिचं नाव तू कचऱ्यात टाकलंस, तू नेहमी अशीच करतेस, न विचारता माझं सगळं आवरतेस. मी म्हटलं, टोचलं असतं. तर म्हणाली, टोचलं असतं तर मला टोचलं असतं, तुला काय. दार आपटलं आणि तोच आखूड स्वेटर घालून शाळेत गेली.

तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण इतके दिवस निदान मान देऊन बोलत होती, तेवढंच एक होतं आमच्यात, तेही गेलं. आता माझ्या वाट्याला अरे-तुरे आणि आपटलेलं दार. ह्यांना कळवलेलं नाही, उंचावर काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यात घरचं कशाला घालायचं. मी काय करू ते कळव.

तुझी,
बारकी


१० डिसेंबर

चि. बारकीस,
अ. उ. आ. आणि टपालात मावेल एवढी एक टपली.

तुझं पत्र वाचून मी दवाखान्यात एवढी हसले की खुर्चीवर तोंड उघडून बसलेल्या माणसाला वाटलं त्याचेच दात बघून हसते आहे. डॉक्टरांनी मला बाहेर काढलं. बाहेर बाकावर बसून पुन्हा वाचलं आणि मग मात्र पदर डोळ्याला लावावा लागला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. अगं वेडे, दोन वर्षं कशासाठी झुरत होतीस? तुझं पत्र तूच वाच. ती काय म्हणाली ते तू तुझ्या हाताने लिहिलं आहेस, मोजून घे त्यात किती वेळा तू आहे. पोरगी एकेरीवर आली म्हणून रडतेस? एकेरीच हवं होतं ना तुला? ते काय आरती ओवाळून येणार होतं? पाहुणीवर कुणी दार आपटत नाही. नेहमी अशीच करतेस, असं पाहुणीला कुणी म्हणत नाही. त्यासाठी नेहमी घरात असावं लागतं.

आपण आईला काय काय बोललो आहोत ते आठव, आणि तिला कधी तुम्ही म्हटलं होतं का तेही आठव.

आता तिला गोंजारायला जाऊ नकोस आणि तू म्हणालीस हो, असं कौतुकाने बोलून तर मुळीच दाखवू नकोस, लगेच शिंपल्यासारखी मिटेल. चुकलं एवढं म्हण आणि पट्टी परत लावायला तिला घेऊन जा. भांडली तर तूही भांड. तुला छान भांडता येतं, मी साक्षीदार आहे.

माया होती त्याहून पावशेर जास्त.
तुझी,
ताई


२८ डिसेंबर

ती. मावशींस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी स्वतःहून लिहिते आहे आणि तिला माहीत नाही. तुम्ही उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठवा, ती घरी आलेलं टपाल कुणाचं आहे ते बघायच्या आधी उघडते.

तिने माझ्या कोटाची पट्टी कापली ते तुम्हाला कळलंच असेल, ती तुम्हाला सगळं सांगते. मी फार चिडले होते. मग ती म्हणाली चुकलं, आपण परत जाऊ. गेलो. जिन्यात ती म्हणत होती की पट्टी टोचतेच, मी म्हणत होते की टोचत नाही, खालच्या सायकलवाल्यापर्यंत ऐकू जात होतं. शिवणाऱ्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, माझं नाव कचऱ्यात गेलं तर मी दुसरं भरते, हातात आहे. त्यांनी तिथेच नवी पट्टी भरून लावली. मी कोट आठवडाभर घातला. मावशी, पट्टी टोचते. मान लाल झाली. परवा मी एकटी जाऊन ती खिशाच्या आत लावून घेतली. हे तिला सांगू नका, ती वर्षभर ऐकवेल.

आता खरं काम. तिच्याकडे धड कोट नाही. जो आहे त्याचं अस्तर बाहीतून बाहेर येतं आणि ती ते आत कोंबते. दुकानातून येते तेव्हा हात गार असतात आणि विचारलं तर म्हणते मला थंडी वाजत नाही. मी बाबाला सांगितलं आणि आम्ही दोघांनी तिच्यासाठी त्याच बाईंकडे कोट सांगितला आहे. ती मापं द्यायला येणार नाही, मला कशाला म्हणेल. तुमची दोघींची अंगलट एकच आहे असं ती नेहमी सांगते, तर तुम्ही तुमची मापं पाठवा. खांदा, छाती, बाहीची लांबी आणि पूर्ण उंची. माप घेताना श्वास ओढून धरू नका आणि खरी मापं पाठवा. जरा इकडेतिकडे झालं आणि कोट तिला बसला नाही तर ती काही बोलणार नाही. छान आहे म्हणेल आणि तसाच घालेल, कायमचा. ती तशीच आहे, तिला स्वतःसाठी भांडता येत नाही. म्हणून मला नीट बघावं लागतं.

काकांना नमस्कार. उत्तर लवकर पाठवा, बाई म्हणतात महिना लागतो आणि थंडी काही थांबत नाही.
तुमची,
वकील