पुठ्ठ्याचं पोट

३ मार्च, मंगळवार

पुठ्ठ्याचं पोट पुन्हा बिघडलं. सकाळी दोनदा, पातळ, शेवटी थोडी आव. दीड महिन्यातली ही पाचवी खेप. कुत्र्याचं हे नाव रंगावरून पडलं – माझ्या दुकानातल्या बांधणीच्या पुठ्ठ्यासारखाच करडा. आता अंगानंही तसाच चपटा व्हायला लागलाय. वजन अकरा किलो दोनशे. महिन्यात आठशे ग्रॅम घट!

डॉक्टरीणबाईंना माझा तक्ता दाखवला. वेळ, प्रमाण, रंग, घट्टपणा. म्हणाल्या, "एवढं नीट तर आमचे विद्यार्थीही लिहीत नाहीत." शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं बांधायला आलेल्या पुस्तकांतून. हे त्यांना सांगितलं नाही.

त्यांचा हुकूम – गहू पूर्ण बंद. फक्त भात आणि उकडलेला मासा. "एक बिस्कीटसुद्धा नाही हं. नाहीतर याच्या आतड्यांचं काही खरं नाही."

१० मार्च, मंगळवार

भात-मासा वजन करून दिला. तरी आज पातळ!

तक्ता घेऊन बसलो. सोमवारी पोट ठणठणीत, मंगळवारपासून ढासळतं. दर आठवड्याला हेच. रविवारी दुकान बंद, मी दिवसभर घरी. म्हणजे माझ्या पाठीमागे कुणीतरी चारतंय. बायको दिवसा कामावर. उरले दादा.

११ मार्च

दादांना विचारलं. विचारलं म्हणजे – तक्ताच पुढे ठेवला.

"ब्याऐंशी वर्षांचा झालो. आता मुलगा कुत्र्याच्या शीवरून बापाची झडती घेणार?"

आकडे खोटं बोलत नाहीत, म्हणालो. ते चष्मा पुसत राहिले. "एक कण दिला नाही रे मी."

बायको म्हणाली, "इतकं लागेलसं बोलायची काही गरज होती?" होती. मुका जीव आहे.

१२ मार्च

दादा ताईकडे गेले. पिशवी स्वतःच भरली. मला हात लावू दिला नाही.

१७ मार्च, मंगळवार

पातळ. तीनदा. आणि दादा घरात नाहीत.

बायको – "आता कुणाचं नाव घेणार? शेजारच्या मांजराचं?"

१८ मार्च

दुकानातला नळ जानेवारीपासून बंद, म्हणून खळीचा डबा धुवायला रोज घरी आणतो. दाराशी ठेवून बूट काढतो. तेवढ्यात पुठ्ठ्या डबा चाटून लख्ख करतो. मला आपलं कौतुक – निम्मं काम झालं! आज बायको तिथेच उभी होती.

"खळ कशाची करता हो तुम्ही?"

"मैद्याची."

"आणि मैदा कशाचा?"

डबा उचलून मोरीत ठेवला.

सव्वीस वर्षं खळ शिजवतोय. ती कुणाच्या पोटात जाऊ शकते, हे डोक्यातच आलं नाही. पुस्तकं चिकटवायची वस्तू ती!

२५ मार्च

डबा आता दुकानातच. सात दिवस घट्ट. बायको रोज विचारते, "केला का दादांना फोन?" आणखी थोड्या नोंदी होऊ देत, म्हणतो.

"नोंदी कशाला? तोंड नाही होय?"

५ एप्रिल

अकरा किलो आठशे. अठरा दिवसांत एकदाही पातळ नाही. डॉक्टरीणबाई खूश. पुठ्ठ्यानं आज माझी चप्पल पळवली!

६ एप्रिल

दादांना फोन केला. चूक माझी होती, असं सरळ म्हणालो. त्यांनी आधी पुठ्ठ्याची चौकशी केली. मग म्हणाले, "बरं झालं. पण मी इथंच राहतो आता. इथं मी काय खाल्लं, किती वाजता उठलो, ते कुणी लिहून ठेवत नाही."